एकाच ट्रस्टचे दोन पत्ते: दादर-माटुंगा कसं घडलं

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मुंबईतले दोन पत्ते बहुतेकांना ठाऊक असतात. पहिला परळचा, दामोदर हॉलजवळची बीआयटी चाळ क्रमांक १, खोल्या ५० आणि ५१. दुसरा दादरच्या हिंदू कॉलनीतला, 'राजगृह'. चाळीत त्यांची वीसेक वर्षं गेली. पुढे १९३० च्या दशकात, पुस्तकांना नीट जागा हवी म्हणून मुद्दाम बांधून घेतलेल्या राजगृहात ते राहायला आले. एका पत्त्यावरून दुसऱ्यावर चालत जायला अर्धा तास पुरतो.

बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. परळची चाळ या ट्रस्टने बांधली, आणि हिंदू कॉलनीचे रस्ते व प्लॉट आखले तेही याच ट्रस्टने. एकाच संस्थेने एकीकडे सामायिक गॅलरी आणि सामायिक संडास असलेल्या खोल्यांची रांग उभी केली, आणि दुसरीकडे झाडांच्या रस्त्यांवर, चारही बाजूंनी मोकळी जागा सोडलेले बंगले आणि कमी उंचीच्या इमारती यांची आखणी केली. हे का आणि कसं झालं, ते समजलं की दादर-माटुंगा समजतं. मला तर वाटतं, मुंबईतलं घराचं अख्खं प्रकरणच समजू लागतं.

आधी एक घोळ दूर करू. सरकारदरबारी दादर-माटुंगा आज उपनगर नाही. मुंबई शहर जिल्हा माहीम आणि शीवपर्यंत, त्यापलीकडे वांद्रे-कुर्ल्यापासून मुंबई उपनगर जिल्हा. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शहर म्हणजे कोट, गिरगाव, मांडवी, भुलेश्वर, भायखळा. दादर-माटुंग्याला तेव्हा भातखाचरं होती, ताडामाडाच्या वाड्या होत्या, मळे होते, मध्ये मध्ये गावठाणं होती. शहराबाहेर राहण्यासाठी आखून बसवलेली मुंबईतली पहिली मोठी वसाहत ती हीच. १९५० आणि १९५७ साली महापालिकेची हद्द उत्तरेला सरकत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, आणि कधीकाळी शहराच्या टोकाला असलेलं हे उपनगर नकाशात मध्यावर येऊन बसलं.

प्लेगने काढलेला नकाशा

सुरुवात होते १८९६ च्या पावसाळ्यात. मांडवी भागात माणसं तापाने आणि जांघेतल्या गाठींनी मरू लागली. मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं. त्यानंतरच्या महिन्यांत लोक मिळेल त्या गाडीने आणि बोटीने कोकणात, देशावर, गुजरातेत पळाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. वाढत्या शहराची माणसं दहा वर्षांत कमी झाली.

गिरण्या ओस, बंदर सुनं. सरकारला काहीतरी मोठं करणं भाग होतं. १८९८ मध्ये कायदा झाला आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. त्याचं काम दोन प्रकारचं. दाटीवाटीच्या जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्राचा वारा आत शिरेल. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आजचा मोहम्मद अली रोड, हे सगळे याच कामातले. आणि उत्तरेला मोकळी जमीन घेऊन, समतल करून, रस्ते आणि गटारं घालून नवी वस्ती बसवायची.

प्लेग उंदरांच्या पिसवांतून माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं खरं, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. ट्रस्ट स्थापन झाला तेव्हा साहेबलोकांची आणि आपल्या पुढाऱ्यांचीही समजूत अशी होती की रोग कोंदट हवेत, अंधारात, ओलीत वाढतो. म्हणून नव्या वस्तीचा आराखडा हवा आणि उजेड या दोन गोष्टींभोवती रचला गेला. प्लेगपुरतं हे कारण अर्धंच बरोबर होतं. पण त्या अर्ध्या समजुतीने मुंबईला तिचा सर्वांत राहण्याजोगा भाग दिला, आणि क्षयासारख्या दुखण्यांसाठी उजेड-वाऱ्याचं महत्त्व पुढेही खरंच राहिलं.

दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा या योजना १८९९-१९०० च्या सुमारास कागदावर आल्या. दादर-माटुंग्यासाठी साधारण ४४० एकर जमीन, आणि तिथे ६०,००० माणसं राहतील असा हिशोब. प्रत्यक्ष वस्ती मात्र लगेच झाली नाही. जमीन संपादन, मालकांचे दावे, भराव, मग पहिलं महायुद्ध, यांत दोन दशकं गेली. १९२३ मध्ये व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षणाची संस्था भायखळ्याहून माटुंग्याला आली. १९३७ मध्ये रुईया आणि खालसा कॉलेज, १९४१ मध्ये पोदार कॉलेज. शिक्षणसंस्था एका रांगेत आल्या त्या ट्रस्टने त्यांच्यासाठी मोठे प्लॉट राखले म्हणून. आज संध्याकाळी माटुंगा रस्त्यावर जो विद्यार्थ्यांचा लोंढा दिसतो, त्याचं मूळ त्या आखणीत आहे.

भातखाचरं सखल होती, आणि पाणी ते विसरलेलं नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कल, गांधी मार्केट इथे दर जुलैत गुडघाभर पाणी का साचतं, याची कारणं अनेक आहेत, पण पहिलं कारण जमिनीची उंची.

भाडेपट्टा: कॉलनीचा खरा शिल्पकार

ट्रस्टने प्लॉट विकले नाहीत, भाडेपट्ट्याने दिले. काही ९९ वर्षांसाठी, काही ९९९ वर्षांसाठी. जमिनीचा मालक ट्रस्टच. घेणाऱ्याने प्रीमियम, म्हणजे सुरुवातीची एकरकमी रक्कम, भरायचा, वर्षाला ठरलेलं भुईभाडं द्यायचं, आणि करारातल्या अटींप्रमाणे इमारत बांधायची. १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला, तेव्हा ही जमीनमालकीही पालिकेकडे गेली. म्हणूनच इथल्या एखाद्या सोसायटीला आज पुनर्विकास करायचा असेल, तर बांधकाम परवानगीच्या खात्याबरोबरच जमीनमालक म्हणूनही पालिकेच्या दारात जावं लागतं. इतर उपनगरांतल्या लोकांना हे ऐकून नवल वाटतं.

आपण 'पारशी कॉलनीचं शांत वातावरण' किंवा 'हिंदू कॉलनीचा सुसंस्कृतपणा' असं बोलतो, जणू ते माणसांच्या रक्तातून आलं. माणसांचा वाटा आहेच. पण त्या शांततेचा बराच भाग करारपत्रात लिहून ठेवलेला होता. इमारत तीन मजल्यांहून उंच नको. प्लॉटचा ठरावीक भागच बांधायचा, बाकी मोकळा. रस्त्याकडची बाजू इतकी मागे, बाजूचं अंतर इतकं. दुकानं कुठे, घरं कुठे, बाग कुठे.

यातला एक नियम मला फार आवडतो, कारण तो भूमितीचा आहे. जे. पी. ऑर नावाचे अधिकारी ट्रस्टचे अध्यक्ष असताना त्यांनी ६३½ अंशांचा आग्रह धरला. तळमजल्याच्या खोलीच्या भिंतीपाशी जमिनीवर बसा आणि समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहा. तुमची नजर जमिनीशी ६३½ अंशांपेक्षा जास्त वर करावी लागत असेल, तर खोलीत पुरेसं आकाश येत नाही, इमारती फार जवळ आहेत. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर या कोनाचा टॅन जवळपास २ येतो. म्हणजे साधा हिशोब असा: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. ३० फूट उंचीला १५ फूट. गरिबातल्या गरीब भाडेकरूलाही आकाशाचा तुकडा मिळाला पाहिजे, असं मोजपट्टीने सांगणारा हा नियम होता.

जुन्या मुंबईत याच्या नेमकं उलट होतं. तिथे दोन इमारतींच्या मध्ये हाउस गल्ली असायची. जेमतेम माणूस जाईल एवढी बोळ, तिच्यात मोऱ्यांचं पाणी, आणि मागच्या बाजूने टोपल्या-डबे उचलणाऱ्या सफाई कामगारांची वाट. संडास घरापासून शक्य तितका लांब, कारण त्याला माणसाने हात लावावा लागे, आणि ते काम जातीने ठरलेल्या माणसांवर लादलेलं होतं. माटुंगा-दादरला भुयारी गटारं आणि पाण्याचे संडास आले. मैला नळातून जाऊ लागला, आणि हाउस गल्लीची गरज संपली. मग संडास घरात आला. आज हे वाचताना काहीच वाटत नाही, पण १९२०-३० च्या दशकात सोवळं पाळणाऱ्या कुटुंबांना स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे संडास ही कल्पना पचवायला वेळ लागला. हळूहळू ती पचली, आणि एक नवीन प्रकारचं घर रूढ झालं: दाराच्या आत दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, संडास, आणि एकच मुख्य दार. त्याला मुंबईच्या मराठीत नाव पडलं 'ब्लॉक'. "आमचा पार्ल्याला ब्लॉक आहे" असं म्हणणारे काका-मामा आपल्याकडे असतात. तो शब्द आणि तशी राहणी मध्यमवर्गात पसरवण्यात दादर-माटुंग्याच्या या इमारतींचा मोठा हात आहे.

बांधकामाला जोर आला १९३० च्या दशकात. मंदीमुळे व्याजदर आणि मजुरी उतरली होती, देशी सिमेंट मुबलक मिळू लागलं होतं (सिमेंट कंपन्यांनी एकत्र येऊन १९३६ मध्ये एसीसी स्थापली), आणि ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना भाड्याची इमारत हा सुरक्षित मार्ग वाटत होता. किंग्ज सर्कल, म्हणजे आजचं महेश्वरी उद्यान, त्याच्या भोवतालच्या गोलाकार गच्च्या आणि आडव्या पट्ट्यांच्या इमारती त्या काळातल्या.

कोण आलं, आणि कोण नाही

ट्रस्टमध्ये मंचेरजी एदलजी जोशी नावाचे एक पारशी इंजिनिअर होते. मध्यमवर्गीय पारशांना परवडतील अशी घरं हवीत म्हणून त्यांनी १०३ प्लॉट राखून घेतले. त्यातून दादर पारशी कॉलनी उभी राहिली. तिथल्या पाच बागांना, म्हणजे फाइव्ह गार्डन्सला, आज त्यांचंच नाव आहे. कॉलनीतल्या रस्त्यांवर एकेका जातीच्या झाडांची रांग लावायची, ही कल्पनाही त्यांच्याच काळातली, आणि ती झाडं आजही कॉलनीची ओळख आहेत.

शेजारी हिंदू कॉलनीच्या गल्ल्यांत मराठी पांढरपेशी कुटुंबं आली. माटुंग्याला दक्षिणेतून, विशेषतः तमिळ मुलखातून आणि पालघाटहून, इंग्रजी आणि टायपिंग येणारी तरुण मंडळी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांसाठी उतरली. त्यांच्यामागून मंदिरं, भजनं, केळीच्या पानांचे आणि फुलांचे विक्रेते, खानावळी. १९३२ मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी निघाली. माटुंगा स्टेशनसमोरचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचं. फाळणीनंतर शीव कोळीवाड्याला पंजाबी निर्वासितांची छावणी बसली. कच्छी आणि गुजराती व्यापारी कुटुंबंही आली.

एकेका गल्लीत एकेक समाज का जमला? बऱ्याच अंशी घर मिळण्याची रीत तशी होती. ओळखीने घर मिळायचं, मालक आडनाव विचारायचा, आधी आलेला चुलतभाऊ नंतरच्याला बोलवायचा. जो आडनावाच्या चाळणीतून गळला त्याला हवा-उजेडाच्या नियमांचा काही उपयोग नव्हता. म्हणूनच हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी स्वतःच्या हिमतीवर घर बांधलं, या गोष्टीचं वजन वेगळं आहे.

आणि गरिबांचं काय झालं? ट्रस्ट कर्ज काढून कामं करायचा. रोखे विकायचे, जमीन विकसित करायची, भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातून कर्ज फेडायचं. या चक्रात ज्याला प्रीमियम परवडतो त्याच्यासाठीच प्लॉट निघणार हे उघड होतं. पाडलेल्या वस्त्यांतून निघालेल्यांसाठी ट्रस्टने चाळी बांधल्या, पण जितकी माणसं उठली तितकी त्यांत मावली नाहीत. जी मावली नाहीत ती जवळच्याच गल्लीत आणखी दाटीने राहिली. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि नायगाव, वरळी, डिलाइल रोड, शिवडी इथे २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. सिमेंट काँक्रीटच्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या. नायगावच्या बीडीडी चाळींपासून हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी फार लांब नाहीत. माटुंग्याच्या पश्चिमेला, धारावीच्या कडेला लेबर कॅम्प ही कामगारवस्ती. सायकलवरून एका तासात ही सगळी मुंबई पाहून होते.

रुळांच्या पश्चिमेला थोडी वेगळी कहाणी. तिथलं मोठं मैदान १९२५ मध्ये महापालिकेने खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ मध्ये, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वेळी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. भोवतीचा कट्टा, सभा, क्रिकेटची नेट, यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे, त्यामुळे इथे थांबत नाही. एवढंच नोंदवतो की सत्तावीस-अठ्ठावीस एकर जागा आखणीतच मोकळी ठेवली गेली म्हणून हे सगळं शक्य झालं.

गोठलेलं भाडं, गोठलेला शेजार

दुसऱ्या महायुद्धात मुंबईत माणसं लोटली, भाडी भडकली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं. भाडेकरूला काढणंही अवघड केलं. हेतू चांगला होता, आणि लाखो कुटुंबं त्यामुळे रस्त्यावर आली नाहीत. पण महागाई वाढत गेली आणि भाडं तिथेच राहिलं. वीस-पंचवीस रुपयांत तीन खोल्यांचा ब्लॉक. इतक्या भाड्यात कोण जागा सोडणार? आणि इतक्या भाड्यात कोणता मालक गच्चीची गळती बंद करणार?

याचे दोन परिणाम झाले. पहिला, शेजार गोठला. १९३८ मध्ये आलेल्या टायपिस्टची नात १९९८ मध्ये त्याच ब्लॉकमधून कॉलेजला जाई. भजनी मंडळं, खानावळी, वाचनालयं टिकली, कारण त्यांना जगवणारी कुटुंबं हलली नाहीत. माटुंग्याचं 'माटुंगापण' टिकवण्याचं श्रेय आपण परंपरेला देतो, पण मला वाटतं त्यात या कायद्याचा वाटा मोठा आहे. घर सोडायचंच झालं तर ते पागडीने, म्हणजे नव्या भाडेकरूकडून एकरकमी रक्कम घेऊन, तिचा वाटा मालकाला देऊन.

दुसरा परिणाम, इमारती खंगल्या. पावसाळ्यात शहरभर जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा आला. भाड्याच्या जुन्या इमारतींवर उपकर बसला, आणि त्यातून दुरुस्ती सरकारी मंडळाने करायची असं ठरलं. हेच काम पुढे म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे गेलं. उपकर म्हणजे सेस, आणि 'सेस बिल्डिंग' हा शब्द तिथून आला. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत 'अ' वर्गात, त्यानंतरची १९५० अखेरपर्यंतची 'ब', आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क'. हा उपकर फक्त शहर जिल्ह्यात, म्हणजे माहीम-शीवपर्यंत. पार्ल्याच्या किंवा मुलुंडच्या जुन्या भाड्याच्या इमारतीला तो लागू नाही. आपण शहर की उपनगर, हा प्रश्न इथे पैशाचा होतो.

आता काय बदलतंय

पुनर्विकासाचा नियम समजायला एक शब्द पुरे: चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय. प्लॉट १,००० चौरस मीटरचा असेल आणि निर्देशांक १ असेल, तर सगळे मजले मिळून १,००० चौरस मीटर बांधता येतं. निर्देशांक ३ झाला की ३,०००. समजा जुन्या करारात एक तृतीयांश प्लॉटवर तीन मजले होते, तर हिशोब १ च्या आसपास बसतो. सेस इमारतीच्या पुनर्विकासाला विकास नियमावलीच्या ३३(७) कलमाखाली ३ किंवा जुन्या रहिवाशांची घरं अधिक प्रोत्साहनपर क्षेत्र, यांतलं जे जास्त असेल ते मिळतं. रहिवाशांना घर फुकट, बिल्डरला विक्रीसाठी वरचे मजले. ज्या कुटुंबाच्या छताचे तुकडे रोज पोळपाटावर पडतात, त्याच्यासाठी ही सुटका आहे, आणि त्यांना 'वारसा जपा' असं लांबून सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१२ मध्ये वारसास्थळांची नवी प्रस्तावित यादी आली आणि तिच्यात शिवाजी पार्क परिसर होता, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच विरोध केला तो याच भीतीने, की इमारत पडेपर्यंत हात लावता येणार नाही.

तरीही ६३½ अंश आठवतात. वीस मजली इमारत साठ-पासष्ट मीटर उंच असते. ऑर यांच्या हिशोबाने तिच्यासमोर तीस मीटरहून जास्त मोकळी जागा हवी. तीन मजल्यांसाठी आखलेल्या प्लॉटवर ती मिळणं शक्यच नाही. म्हणून खालचे चार-सहा मजले पार्किंगला जातात, घरं वर सरकतात, आणि ज्यांना उजेडाची किंमत मोजता येते त्यांना तो मिळतो. शेजारच्या तीन मजली इमारतीतल्या तळमजल्याच्या आजींच्या खिडकीत मात्र दुपारी दोनलाच दिवा लागतो.

तुमच्या सोसायटीत सध्या अशी बोलणी चालू असतील, तर कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडाच्या आकड्यांआधी दोन कागद मागून घ्या. एक, मूळ भाडेपट्टा. त्याची मुदत कधी संपते, आणि नूतनीकरणाची रक्कम कोण भरणार. दुसरा, नव्या इमारतीचा साइट प्लॅन. बाजूंना आणि मागे किती मीटर सोडले आहेत, आणि त्या जागेखाली तळघर आहे का, हे त्यात दिसतं. खाली पार्किंगचा स्लॅब असेल तर वर कुंडीतली झुडपंच येतात, रेनट्री येत नाही. फाइव्ह गार्डन्सजवळच्या झाडांना वाढायला ऐंशी-नव्वद वर्षं मिळाली, आणि मुळं पसरायला खाली माती होती.